गार बॉनेट

जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये नवऱ्याने दांडगं इंजिन बसवलं आणि ते तापू नये म्हणून केवढा मोठा रेडिएटर! येता-जाता बॉनेटवर हात ठेवून बघायचा. बायको तापाने फणफणली, तेव्हा मात्र लांबूनच, "गोळी घे गं."

"मेली सवत!" म्हणत तिने दुपारी रेडिएटरचं खालचं बूच काढलं. इंजिन गार ठेवणारं हिरवं पाणी थेंबन्‌थेंब वाहून गेलं.

संध्याकाळी तो गाडी पिटाळून आला. ती दारातच वाट बघत होती.

"हात लावून बघ, कशी गार आहे!" तो कौतुकाने म्हणाला.

बॉनेट खरंच थंडगार होतं. तिच्याच घशाला कोरड पडली, चेहरा लालबुंद झाला.

"तुला काय झालं गं?"

कित्येक वर्षांनी त्याने तिच्या कपाळावर हात ठेवला, आणि किंचाळून मागे घेतला. तळहातावर टरारून फोड आला होता.