बाबांची दुनळी

सांधा उघडून तिने बंदूक रिकामी असल्याची खात्री केली. मग लाकडी दस्ता वेगळा काढला आणि नळ्या खिडकीकडे धरून आधी उजवीतून, नंतर डावीतून पाहिलं. आत उजेडाची वर्तुळं एकात एक होती, गंजाने कुठेही तुटलेली नव्हती.

समोर मोठा भाऊ बसला होता. बाबा गेल्यावर परवाना त्याच्या नावावर होऊन आला होता. आज तो बंदूक न्यायला आला होता.

"पणजोबांच्या वेळची आहे असं वाटतच नाही," तो म्हणाला. "बाबांनी जपली खरी. हातच तसा होता त्यांचा."

शेवटची अकरा वर्षं बाबांच्या हाताला पाण्याचा पेलाही धरवत नव्हता. दर पंधरवड्याला ते खुर्चीतून सांगायचे आणि ती पुसायची. ती पुसायची तेव्हा त्यांची नजर बंदुकीवर असायची. सुट्टीला आलेला भाऊ हातात घ्यायचा, तेव्हा भावावर.

भावाने नळ्या हाताळून खाली ठेवल्या, तसं तिने त्यांवरचे बोटांचे ठसे तेलाच्या फडक्याने पुसून काढले. तो हसला.

"ठमे, बंदूक आहे ती. बाळ नाही."

मग त्याने गाडीतून पेटी आणली. खास सांगून बनवून घेतलेली, जाड चामड्याची, आतून लाल मखमल. आता कायम हिच्यातच ठेवणार, कपाटात, कुलपात, असं तो म्हणाला. तिला कोऱ्या चामड्याचा वास आला. चामडं दमटपणा धरून ठेवतं. अशा पेटीत दोन-तीन महिन्यांत पोलादावर ठिपके उठतात, पुढे त्यांचे खड्डे होतात, आणि ते कशानेच जात नाहीत. पेटी फक्त प्रवासापुरती, असं बाबा म्हणायचे. तिलाच म्हणायचे.

"अजून काय काळजी घ्यायची गं?" भावाने विचारलं. लिहून घ्यायला त्याने फोन काढला.

तिने नळ्या मखमलीत ठेवल्या, शेजारी दस्ता. झाकणाचा एक कोपरा नवा असल्यामुळे बसत नव्हता; बारीक फट राहत होती. पेटीचा खटका लागेपर्यंत तिने तो तळव्याने दाबून धरला.

"काही नाही रे दादा," ती म्हणाली. "सारखी उघडत बसू नकोस, एवढंच."