दवाखान्यातलं हसू

मावशी छान हसत होती. पाठ ताठ, हात मांडीवर, नजर डॉक्टरांच्या कपाळावर. डोळ्यांत बघणं तिला सोसत नाही, पण कपाळावर बघितलं तरी समोरच्याला पत्ता लागत नाही. ही युक्ती टकळीची.

टकळी म्हणजे तिची भाची. खरं नाव फक्त शाळेत हजेरीपुरतं. तोंडाचा पट्टा सदा चालू, म्हणून मावशीनेच तिला हे नाव ठेवलेलं. मागच्या खेपेला दातांच्या डॉक्टरांनी सगळे प्रश्न टकळीलाच विचारले होते. ह्यांना कुठे दुखतं, ह्या काय खातात. जणू मावशी म्हणजे कुणीतरी खुर्चीत विसरून गेलेली पिशवी. ते टकळीच्या जिव्हारी लागलं होतं. म्हणून आज येताना तिने रस्ताभर मावशीची उजळणी घेतली. हसायचं. डुलायचं नाही. हात एका जागी.

"बाहेर पडेपर्यंत, बरं का."

"बाहेर पडेपर्यंत," मावशी पोट धरून म्हणाली होती.

"कधीपासून दुखतंय, ताई?" डॉक्टरांनी विचारलं. थेट मावशीला. टकळीची मान आपोआप ताठ झाली.

"काल दुपारपासून," मावशी हसत म्हणाली.

डॉक्टरांनी तिला पलंगावर झोपवून पोट दाबलं.

"इथे?"

"दुखतंय."

"आणि इथे?"

"इथे खूप."

प्रत्येक उत्तराला तेच हसू, आल्यागेल्याला पाणी विचारावं तसं.

"गॅसेस झालेत," दोघं आपापल्या खुर्चीत परतल्यावर डॉक्टर म्हणाले. "खरं दुखणं असलं की माणूस असा हसत बोलत नाही. गोळ्या देतो, घरी जाऊन आराम करा."

"ती ऑटिस्टिक आहे, डॉक्टर," टकळी म्हणाली. बक्षीस मिळाल्याचं सांगावं, तशा ऐटीत.

"हो का? अजिबात वाटत नाही हं."

टकळीला आभाळ ठेंगणं झालं. शाबासकी द्यावी म्हणून ती मावशीकडे वळणार, तेवढ्यात डॉक्टर गोळ्या लिहायला पुढे वाकले आणि त्यांच्या पांढऱ्या कोटाचं बटण टेबलावर आलं. एका दोऱ्यावर लोंबकळत होतं, आत्ता पडेल की मग पडेल असं. मावशीच्या अगदी नाकासमोर.

मावशी कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करते. उसवलेलं काही दिसलं की तिला चैन पडत नाही. भर पालकसभेत मुख्याध्यापिकांना "तुमची बाही काखेत उसवलीय" असं खणखणीत आवाजात सांगणारी बाई ती. तेव्हा टकळीला तोंड कुठे लपवू असं झालं होतं. आणि आज समोर हे एवढं बटण, तरी मावशी गप्प?

टकळीने नीट पाहिलं. मावशीला बटण दिसतच नव्हतं. तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. टेबलाखाली पायांची बोटं चपलेत आवळलेली होती. हसू मात्र जागच्या जागी, टकळीने सांगितलं होतं तस्सं.

टकळी मावशीच्या कानाशी वाकली.

"मावशे," ती हळूच म्हणाली, "नको हसूस."

"आपण बाहेर कुठे पडलोय अजून?"

"माझं चुकलं गं. घरी आहोत असं समज."

मावशीने हसू काढून ठेवलं. दिवसभर चावलेली चप्पल दारात काढावी, तसं. मग तिने कपाळ टेबलाच्या कडेला टेकलं, दोन्ही मुठी पोटाच्या उजव्या अंगाला खाली रोवल्या आणि ती पुढेमागे डुलायला लागली. घशातून एक बारीक सूर निघत होता, न तुटणारा. चेहरा राखेसारखा झाला होता.

डॉक्टरांचं पेन थांबलं. ते उठून टेबलाला वळसा घालून आले आणि तिच्या खुर्चीशेजारी उकिडवे बसले.

"ताई, मघाशी दाबलं, तेव्हाही इतकंच दुखत होतं?"

"हो. सांगितलं की मी."

"सांगितलं होतंत," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी फोन उचलून स्ट्रेचर मागवलं. अपेंडिक्स असावं, म्हणाले, आणि थांबून चालणार नाही.

"हात लावण्याआधी तिला सांगायला सांगा सगळ्यांना," टकळी म्हणाली. "आणि तिला डुलू द्या."

स्ट्रेचर घेऊन आलेल्या दवाखान्यातल्या मामांनी मावशीकडे बघून मान हलवली. "घाबरायचं नाही ताई. हसा बघू जरा."

"आज नाही," टकळी म्हणाली.

ऑपरेशन संध्याकाळी झालं. सकाळी डॉक्टर वॉर्डात आले तेव्हा मावशी उशीला टेकून बसली होती. बोटांनी चादरीचा काठ चाचपत, अगदी थोडंसं डुलत.

"आता कसं वाटतंय?" त्यांनी तिला विचारलं. उत्तर आलं नाही तसे सवयीने टकळीकडे वळले. टकळीने ओठ घट्ट मिटून घेतले. तिच्या आयुष्यात हे फारसं कधी झालं नव्हतं. डॉक्टर पुन्हा मावशीकडे वळून थांबले.

मावशी हसली नाही. तिची नजर त्यांच्या कोटावर होती.

"मधलं बटण पडलंय तुमचं," ती म्हणाली. "बिनबटणाचे काय फिरता?"

आणि तिने हात पुढे केला. डॉक्टरांनी खिसा चाचपला, आणि बटण तिच्या तळहातावर ठेवलं.