वाटीभर पालक

"चोरून पालक खाल्लास ना? खरं सांग, आई."

मुलानं हे दवाखान्याच्या बाकावर, चारचौघांत विचारलं. हातातला रक्ताचा रिपोर्ट तिच्या नाकासमोर नाचवत. आकडा पार बिघडला होता. म्हातारीच्या दंडांवर काळेनिळे डाग उठले होते आणि दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं.

"नाही खाल्ला. एक पानही नाही."

"मग आकडा काय आपोआप बिघडला?"

त्याचा तरी काय दोष म्हणा! तिचा लौकिकच तसा होता. घरात सगळे तिला फौजदार म्हणायचे. नवरा नको नको म्हणत असताना तिनं शिवणाचं दुकान काढलं. हृदयात नवी झडप बसली तेव्हा सगळ्यांनी आराम कर म्हणून विनवलं, तर बाई टाके वाळले न वाळले तोच मशीनवर हजर.

त्या झडपेपाशी गाठ धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यावी लागायची. पालेभाजीनं या गोळीचा जोर कमी होतो, असं मुलानं कुठंतरी वाचलं. तेवढंच वाचलं आणि फोन खिशात टाकला. म्हातारीला रोज रात्री वाटीभर पालक लागायचा. त्यानं फ्रिज रिकामा केला, दुकानामागच्या कुंड्यांतली रोपंसुद्धा उपटली. ती भांड भांड भांडली. शेवटी तो म्हणाला, "पालक हवा की दुकान, ठरव. रिपोर्ट बिघडला तर दुकानाला कुलूप आणि तू माझ्या घरी."

तिनं दुकान निवडलं. नाक मुरडत भोपळा गिळला. आणि आज रिपोर्ट हातात पडताच त्यानं दुकान बंद करून किल्ली स्वतःच्या खिशात घातली होती.

आत बोलावलं. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहिला, दंडावरचा डाग हलकेच चाचपला.

"आजी, खाण्यात काही बदल केलात?"

"चोरून पालक खाते ती," मुलगाच बोलला. "मी बंद केला होता."

डॉक्टरबाईंनी मान वर केली. "बंद? कुणी सांगितलं होतं?"

"वाचलं मी. पालकानं रक्त घट्ट होतं."

"मग इथं रक्त घट्ट दिसायला हवं होतं. हे तर नको तितकं पातळ झालंय. आजींनी खरंच पालकाला हात लावलेला नाही."

मुलानं वाकून रिपोर्टातला आकडा पुन्हा पाहिला.

"गोळी सुरू करताना रोज काय जेवता, ते मी यांना विचारलं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही तेव्हा गाडी लावायला गेला होतात. त्यांचा वाटीभर पालक धरूनच मी गोळी बेतली. तुम्ही पालक काढून घेतलात आणि तीच गोळी भारी पडली. असंच चाललं असतं तर एखाद्या दिवशी डोक्यात रक्तस्राव झाला असता."

'बेतली' म्हटल्यावर म्हातारी ताठ बसली. शिवणातलं तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"अगं बाई! म्हणजे माप घेतलं भरल्या पोटी. मग यानं गिऱ्हाइकाला उपाशी ठेवून वाळवलं, आणि झगा ढगळ झाला म्हणून गिऱ्हाइकालाच चोर म्हणतोय!"

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. "आज गोळी घ्यायची नाही. उद्या परत रक्त तपासू, मग मी सांगेन तसा पालक सुरू. रोज तेवढाच, कमी नाही, जास्त नाही. आणि ताटातलं काही बदलायचं असेल तर आधी मला विचारायचं."

"ऐकलंस?" म्हातारी मुलाला म्हणाली.

त्याचे डोळे भरून आले होते. "आई, मला वाटलं, तुझ्या भल्यासाठीच..."

"ठाऊक आहे मला. किल्ली दे."

त्यानं खिशातून किल्ली काढून दिली. तिनं किल्ली कमरेला खोचली आणि बाहेर आली. मघाशी तिच्याकडे टकमका बघणारे सगळे अजून बाकांवरच बसले होते.

"जन्मात एकदाच कुणाचं ऐकलं," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आणि मरता मरता वाचले!"