पांढरे फडके

वृषभच्या सूतरंगाईच्या सांडपाण्याने निपाणीबाहेरचा ओढा लाल होऊन मासे मेले, तेव्हापासून आईने त्याच्या हातचे पाणी वर्ज्य केले होते. पाणी गाळून प्यावे, फडक्यावर राहिलेले जीव जिथले तिथे सोडावे, हा त्यांच्या जैन घराचा नेम होता. अखेर त्याने शेंगांच्या टरफलांचा कोळसा पिंपात भरला. त्यातून झिरपलेले रंगाचे पाणी खालच्या डबक्यात नितळ साठू लागले. महिन्याभराने तो आईला, म्हणजे आक्काला, डबक्यापाशी घेऊन आला. “बघ आक्का, रंग हाय काय कुठं?” “दिसत न्हाय म्हणजे गेला व्हय रं?” म्हणत तिने पदराआडचे फडके काढले आणि डबक्यातले पाणी गाळले. फडके पांढरेच राहिले. त्यावर इवले जीव वळवळत होते. फडके उलटे धरून तिने ते अलगद परत डबक्यात सोडले. “घरातनं तांब्याभर पाणी आण गाळून,” ती म्हणाली, “तहान लागलीया.”