नव्या मशीनची खुर्ची

खोदाईच्या नव्या मशीनची बकेट वर जायच्या ऐवजी थेट उस्तादांच्या तोंडासमोर आली. त्यांनी गडबडून दुसरी दांडी पुढे लोटली, तर मशीनचा लांब हात धाडकन खाली आला आणि पाण्याचं पिंप ताटलीसारखं चपटं झालं.

"उस्ताद, पिंपाशी काही जुनं भांडण होतं का?" मुकादम ओरडला. सगळे हसले. डंपरच्या खिडकीतून उस्तादांची लेकही हसली, पण तोंडावर हात धरून.

प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं मात्र नव्हतं. संध्याकाळपर्यंत हे नवं पोकलेन इथल्या कोणाला चालवता आलं नाही, तर बाहेरचा ऑपरेटर येणार होता. मग ऑपरेटरची खुर्ची इथल्या माणसांच्या हातून गेलीच म्हणायची.

तसं उस्तादांनी काय चालवलं नव्हतं? तरुणपणी तारांचं मशीन. त्यात बकेट तारेला टांगलेली असायची आणि आपल्याच वजनानं मातीत रुतायची. पुढे तेलाच्या दाबावर चालणारी मशीनं आली. नळ्यांमधून तेल जोरानं ढकललं, की बकेट दगडालाही भिडायची. "बाबा, मलाही शिकवा," असं लेक म्हणाली, की उस्तादांचं उत्तर ठरलेलं: "आधी तारांचं मशीन. पाया कच्चा नको." आणि ते मशीन तर केव्हाच भंगारात गेलेलं! लेक बिचारी डंपर हाकत राहिली.

या नव्या मशीनमध्ये दोन दांड्यांची कामं अदलाबदल झाली होती. लांब हात उचलायचा तो जुन्यात डाव्या दांडीनं, इथे उजवीनं. उस्तादांच्या डोक्याला हे पटलं होतं, हातांना पटत नव्हतं. बाकीच्या जुन्या ऑपरेटरांचीही तीच गत. एकानं कुंपण आडवं केलं, दुसऱ्यानं मुकादमाची छत्री. उस्ताद पुन्हा खुर्चीत जाऊन बसले.

"मी बसू का, बाबा?" लेक डंपरमधून उतरली.

"तुला काय येतंय त्यातलं?"

"काहीच नाही. म्हणून तर म्हणते. मोडायला मला जुनी सवयच नाही!"

उस्तादांनी चपट्या पिंपाकडे पाहिलं. मग ते खाली उतरले.

आधी बकेट हिंदकळली, अडखळली, दोनदा हवेतच चावली. लेकीनं घाई केली नाही. दुपार कलता कलता बकेट अलगद जमिनीला टेकली, पोटभर माती घेऊन उठली आणि ढेकूळही न सांडता बाजूला वळली. तिथे मात्र अधांतरी थांबली.

"बाबा, ओतू कुठे? डंपरवर कोणीच नाही!"

मुकादम कोणाला तरी हाक मारणार, तोच उस्ताद तरातरा चालत गेले, डंपरमध्ये चढले आणि गाडी मागे घेत बरोब्बर बकेटखाली आणून लावली. मग खिडकीतून मान बाहेर काढून ओरडले,

"ओत! पण जपून गं, खाली तुझा बाप बसलाय."