चिंगीच्या पोटाखालची गाठ

पशुवैद्य डॉ. इनामदारांनी पडद्यावर चिंगीच्या स्तनातल्या गाठीचा काप दाखवला. “कुठे कूर्चा झालीय, कुठे चक्क हाड. कुत्र्यांच्या गाठींत असं होतं. पण या मधल्या पेशी कुत्रीच्या नाहीत, हेमांगीताई. त्या तुमच्या आहेत, डीएनए जुळला.”

हेमांगीच्या स्तनाचा कॅन्सर बरा झाला होता. त्या आजारपणात सोबत म्हणून तिच्या नवऱ्यानं, शार्दूलनं, चिंगीला घरी आणलं होतं.

घरी येताच तिनं त्याला विचारलं. त्यानं लपवलं नाही. “तुझ्या गाठीच्या पेशी तिच्यात वाढवल्या. प्रत्येक औषध तुझे डॉक्टर आधी तिला देऊन बघायचे. आता सगळीकडे असंच करतात. तू वाचलीस ना?”

“मला का नाही विचारलंस?”

“तू नाही म्हणाली असतीस.”

म्हणजे त्याला ठाऊक होतं. ती चिंगीच्या मानेत तोंड खुपसून रडायची, तेव्हा हा दारात उभा राहून कौतुकानं बघायचा.

चिंगी शेपटी हलवत त्याच्याकडे निघाली. हेमांगीनं तिला उचलून छातीशी धरलं.

“उद्या तिचं ऑपरेशन आहे,” ती म्हणाली. “मी जाईन तिच्याबरोबर. तू आम्हा दोघींच्या जवळ येऊ नकोस.”