घड्याळवाला पहारेकरी

क्लबातल्या सिनेवेड्यांनी हुज्जत घालत ऐंशीच्या दशकातले नऊ लाडके सिनेमे ठरवले, तरी ‘त्या’ ऐतिहासिक सिनेमाचं नाव निघालं नाही, तेव्हा सदानंदरावांच्या जिवात जीव आला. त्यात किल्ल्यावरच्या पहारेकऱ्याच्या मनगटावर घड्याळ दिसायचं आणि थिएटर खो खो हसायचं. तो पहारेकरी म्हणजे सदानंदराव. पुढे त्यांना कुणी काम दिलं नाही. क्लबात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

“दहावा, घड्याळवाल्या पहारेकऱ्याचा,” वृंदाताई म्हणाल्या. सगळे हसले. सदानंदरावांनी मान खाली घातली.

“बाबा गेल्यावर आई बोलेनाशीच झाली होती,” वृंदाताई सांगू लागल्या. “मामाने तिला बळंच त्या सिनेमाला नेलं. घड्याळ दिसलं आणि ती हसली. घरी येईपर्यंत हसतच होती.”

सदानंदरावांनी मोकळा श्वास घेतला.

“ते घड्याळ माझं होतं,” ते म्हणाले.